२५५, १३० आणि ५५ : एका कुत्र्याच्या आजाराचा इतिहास वाचताना

मागच्या लेखात आपण वसाहतकालीन अहवालांतले तक्ते कसे वाचायचे ते पाहिलं होतं. आजचा तक्ता खूप छोटा आहे. त्यात तीनच आकडे आहेत, पण त्यांनी मला वर्षभर झोपू दिलं नाही. पीएच.डी.च्या तयारीत असलेल्या मित्रमैत्रिणींनी हा लेख जरा सावकाश वाचावा, कारण त्यात माझी एक चूकही आहे.

माझा प्रबंध मुंबई इलाख्यातल्या गुरांच्या रोगांवर आहे. बुळकांडी, लसी, सरकारी पशुवैद्य असा तो सगळा मामला. कुत्रे त्यात जवळजवळ नाहीतच. मी पाहिलेल्या अहवालांत कुत्रा आलाच, तर पिसाळलेला म्हणून येतो. बैलाची किंमत रुपयांत लिहिलेली असते. म्हातारा होऊन घरात पडून राहिलेला कुत्रा कोणत्याच रकान्यात बसत नाही.

आमच्या साताऱ्याच्या घरात मात्र असा एक कुत्रा होता. ब्रुनो, जर्मन शेफर्ड. आजी त्याला शेवटपर्यंत ‘अल्सेशियन’च म्हणायची. तो नऊ वर्षांचा असताना दिवाळीच्या सुट्टीत मला पहिल्यांदा एक आवाज जाणवला. शहाबादी फरशीवर तो चालला की मागच्या पायाची नखं घासली जायची, खर्र, खर्र. बाबांना वाटलं, नखं वाढलीत. आजी म्हणाली, “अगं, म्हातारा झालाय तो. माझे नाही का पाय ओढत?” मी पुण्याला परत गेले.

फेब्रुवारीत त्याचा मागचा पंजा उलटा पडायला लागला. पंजाची वरची बाजू जमिनीवर टेकायची आणि त्याला ते कळायचंच नाही. वळताना तो भेलकांडायचा, पण कुठेही दाबलं तरी कळवळायचा नाही. एक्स-रे झाला, मग पुण्यात एमआरआय झाला. मणक्यातली गादी सरकलेली नव्हती, गाठही नव्हती. डॉक्टर म्हणाले, “डीजनरेटिव्ह मायलोपथी असावी.” मज्जारज्जू हळूहळू झिजत जाण्याचा आजार. मी विचारलं, असावी म्हणजे? ते म्हणाले, “जिवंतपणी एवढंच सांगता येतं. बाकीची कारणं एकेक करून बाद करायची. खात्री मज्जारज्जू मायक्रोस्कोपखाली पाहिल्यावरच होते, म्हणजे गेल्यानंतर.”

हा ‘असावी’ शब्द लक्षात ठेवा. पुढे तो परत येणार आहे.

नाव शोधणं हेच पहिलं काम

संशोधन करणारी माणसं संकटात काय करतात? पेपर शोधतात. मीही तेच केलं, आणि पहिल्याच रात्री अडकले, कारण या आजाराला एकच नाव नाही. १९७३ मध्ये ॲव्हरिल यांनी म्हाताऱ्या जर्मन शेफर्ड कुत्र्यांतली डीजनरेटिव्ह मायलोपथी म्हणून त्याचं सविस्तर वर्णन केलं. १९७५ मध्ये ग्रिफिथ्स आणि डंकन यांनी त्याला ‘क्रॉनिक डीजनरेटिव्ह रॅडिक्युलोमायलोपथी’ म्हटलं. त्यांना मज्जारज्जूतून निघणाऱ्या चेतामुळांवरही परिणाम दिसला होता, म्हणून नावात ‘रॅडिक्युलो’ आलं. १९८० च्या सुमारास ‘प्रोग्रेसिव्ह मायलोपथी’ असंही छापलेलं सापडतं. कुत्र्याच्या जातीचंही तसंच. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटनमध्ये ‘जर्मन’ हा शब्द नकोसा झाला आणि जर्मन शेफर्डचं ‘अल्सेशियन’ झालं. तेच नाव आपल्याकडे आलं आणि आजीच्या तोंडी राहिलं. एकच शब्द टाकून शोध घेतलात तर निम्मं साहित्य हातातून जातं. कोणताही विषय घ्या, आधी नावांची यादी करा. कोणत्या वर्षी कोण काय म्हणत होतं, याचा एक कागद टेबलावर ठेवा.

आता त्या १९७३ च्या शीर्षकाकडे परत पाहू. त्यात कुत्र्याचं वय आहे आणि जात आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या, त्या दवाखान्यात दिसलेल्याच होत्या. पण शीर्षकात जात आली की पुढच्या वाचकाची नजर तिथेच खिळते. आजार ‘जर्मन शेफर्डचा’ झाला. मग कारणंही जर्मन शेफर्डमध्येच शोधली गेली.

वयाबद्दलही एक सांगते. हा आजार साधारण आठ वर्षांनंतर दिसायला लागतो. म्हणजे तो दिसण्यासाठी कुत्रा तेवढा जगला पाहिजे, घरात राहिला पाहिजे, आणि पाय ओढतोय म्हणून त्याला डॉक्टरकडे नेणारं कुणीतरी पाहिजे. आजार कदाचित जुनाच असेल. पण तो नोंदीत यायला अशी घरं लागतात. माझ्या अहवालांत तो का नाही, याचं एक उत्तर इथे आहे.

तीस वर्षांचा एक हायपोथिसिस

१९८० मध्ये वॅक्समन, क्लेमन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुत्र्यांच्या प्रतिकारशक्तीतला बिघाड दाखवणारं काम छापलं. त्यातून एक मांडणी पुढे आली : शरीराची प्रतिकारशक्तीच स्वतःच्या मज्जारज्जूवर उलटत असावी. १९९४ मध्ये बार्कले आणि हेन्स यांना खराब झालेल्या मज्जारज्जूत इम्युनोग्लोब्युलिन आणि कॉम्प्लिमेंट यांचे थर दिसले. म्हणजे प्रतिकारशक्तीच्या खुणा घटनास्थळीच सापडल्या, असं वाटलं.

इथे थांबा. जळालेल्या घरात अग्निशामक दलाच्या बुटांचे ठसे सापडले, म्हणून आग त्यांनी लावली असं होत नाही. पेशी मरायला लागल्या की प्रतिकारशक्तीची यंत्रणा तिथे पोचतेच. हे थर कारणाचे की परिणामाचे, हे त्या चित्रातून कळत नाही. आपण इतिहासात हेच करतो. दुष्काळानंतरच्या वर्षी सावकारांचे दावे वाढलेले दिसले, की दुष्काळ सावकारांनी आणला असं लिहीत नाही. पण दवाखान्यातली गोष्ट आली की आपली सावधगिरी कमी पडते, कारण समोर कुणीतरी आजारी असतं.

क्लेमन्स यांनी या मांडणीवर उपचारही बसवला. अमिनोकॅप्रोइक ॲसिड, एन-असिटाइलसिस्टीन, जीवनसत्त्वं, ठरावीक आहार आणि नियमित व्यायाम. जगभरच्या मालकांनी तो वर्षानुवर्षं केला. त्यांना मी हसणार नाही. ‘काहीच करता येत नाही’ हे ऐकून घरी गेलेल्या माणसाला हातात एक वेळापत्रक मिळत होतं. पण या उपचाराला कंट्रोल ग्रुप नव्हता. हा आजार हळूहळू वाढतो. काही आठवडे तब्येत जागच्या जागी थांबल्यासारखी वाटते. तेवढ्यात औषध सुरू झालं असेल तर श्रेय औषधाला जातं. २००८ मध्ये पोलिझोपुलू आणि सहकाऱ्यांनी असा आजार असल्याचा संशय असलेल्या १२ कुत्र्यांवर अशा उपचारांचं काय होतं ते तपासलं. एकाही कुत्र्यात सुधारणा दिसली नाही. सगळे खालावत गेले.

कॉर्गी आला आणि चित्र बदललं

दरम्यान काही अमेरिकी संशोधक दुसऱ्याच जातीकडे पाहत होते : पेम्ब्रोक वेल्श कॉर्गी. आखूड पायांचा, लांब पाठीचा छोटा कुत्रा. त्यातही मागचे पाय असेच जात होते. म्हणजे आजार फक्त जर्मन शेफर्डचा नव्हता.

२००५ मध्ये कुत्र्याचा जीनोम प्रसिद्ध झाला होता. तो टाशा नावाच्या बॉक्सर कुत्रीचा होता. त्यामुळे आता सगळ्या गुणसूत्रांवर एकदम शोध घेता येत होता. मिसुरी विद्यापीठ आणि ब्रॉड इन्स्टिट्यूट इथल्या गटाने ३८ आजारी कॉर्गी आणि त्यांच्याच नात्यातले १७ निरोगी कॉर्गी यांचा डीएनए ताडून पाहिला. माणसांच्या अशा अभ्यासात हजारो लोक लागतात. इथे ५५ कुत्रे पुरले, कारण एका जातीतले कुत्रे एकमेकांचे जवळचे नातेवाईक असतात. त्यांच्या डीएनएचे लांबच्या लांब पट्टे सारखे असतात, त्यामुळे वेगळा तुकडा लवकर उठून दिसतो. जातीचा जो बंदिस्तपणा आजार पसरवतो, तोच इथे शोधाला उपयोगी पडला.

तो तुकडा ३१ व्या गुणसूत्रावर होता, आणि तिथे एसओडी-१ नावाचं जनुक होतं. हे जनुक वैद्यकाला चांगलंच ओळखीचं होतं. १९९३ मध्ये एएलएस या माणसांच्या आजाराच्या १३ कुटुंबांत याच जनुकातले ११ वेगवेगळे बदल सापडले होते. एएलएसमध्ये स्नायू हलवणाऱ्या चेतापेशी मरत जातात. स्टीफन हॉकिंग यांच्यामुळे हा आजार आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत आहे. २००९ मध्ये आवानो आणि सहकाऱ्यांचा पेपर आला. पाच जातींच्या आजारी कुत्र्यांत एसओडी-१ मधला एकच बदल सापडला होता. जर्मन शेफर्ड त्या पाचांपैकी एक होता.

१९७३ ते २००९, म्हणजे ३६ वर्षं. त्यातली शेवटची सोळा वर्षं एसओडी-१ चं नाव पलीकडच्या कपाटात, माणसांच्या आजारांच्या कपाटात पडून होतं. कुणी मूर्खपणा केला असं मी म्हणणार नाही. जीनोमशिवाय ते जुळवणं अवघड होतं. पण एक जात आणि एक कारण यावर नजर खिळलेली असताना दुसरं कपाट उघडावंसंही वाटत नाही, हेही खरं.

गोष्ट इथे संपत नाही. हा बदल दोन्ही पालकांकडून आला तरच सहसा आजार होतो, आणि दोन प्रती असलेले सगळेच कुत्रे आजारी पडत नाहीत. काही म्हातारे होऊन दुसऱ्याच कारणाने जातात. २०११ मध्ये बर्नीज माउंटन डॉगमध्ये त्याच जनुकातला आणखी एक बदल सापडला. २०१४ मध्ये ३३ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या तपासणीत पहिला बदल १२४ जातींत आढळला. म्हणजे चाचणी ‘धोका आहे’ एवढंच सांगते. ती नशीब सांगत नाही. २०२३ मध्ये अमेरिकेत एसओडी-१ मुळे होणाऱ्या माणसांच्या एएलएसवर टोफरसेन या औषधाला मान्यता मिळाली. ब्रुनोच्या आजाराला थांबवणारं औषध मात्र अजून नाही.

आणि ते तीन आकडे

मग करायचं काय? शोधता शोधता मला २००६ चा एक पेपर मिळाला. स्वित्झर्लंडमधल्या बर्नचा. काथमान आणि सहकाऱ्यांनी २२ कुत्र्यांच्या नोंदी पाहिल्या होत्या. रोज भरपूर फिजिओथेरपी मिळालेले ९ कुत्रे सरासरी २५५ दिवस जगले. मध्यम प्रमाणात मिळालेले ६ कुत्रे १३० दिवस. अजिबात न मिळालेले ७ कुत्रे ५५ दिवस.

मी हे रात्री दोन वाजता पुण्याच्या खोलीत वाचलं. सकाळी बाबांना फोन केला आणि सांगितलं, दिवसातून पाच वेळा पाच-पाच मिनिटं चालवायचं, पायाचे सांधे हलवायचे, मालिश करायचं. बाबांनी सगळं लिहून घेतलं. पुढच्या आठवड्यात मी जाणार होते, पण अभिलेखागारातली परवानगी संपत होती, म्हणून गेले नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यातही नाही. बाबा म्हणायचे, “तू ये-जा करू नकोस. प्रबंध लिही. आम्ही आहोत ना इथे.” प्रत्येक वेळी फोन ठेवला की डोक्यात तेच आकडे फिरायचे. मी तिथे नाही, म्हणजे मी त्याला २५५ मधून १३० मध्ये ढकलतेय.

माझी चूक हीच. कलेक्टरच्या तक्त्यावर मी दहा प्रश्न विचारते. इथे एकही विचारला नाही. भीती वाटत असताना वाचलेला आकडा आपण तपासत नाही.

काही महिन्यांनी मी तो पेपर पुन्हा, नीट वाचला. कुत्र्यांची गटवारी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती. कोणता कुत्रा कोणत्या गटात, हे त्याच्या मालकाने घरी काय केलं यावर ठरलं होतं. आता विचार करा. ज्याचा आजार झपाट्याने वाढतोय तो व्यायाम करूच शकत नाही. तो आपोआप ‘अजिबात नाही’ या गटात जातो. म्हणजे व्यायाम नाही म्हणून लवकर गेला, की लवकर जाणार होता म्हणून व्यायाम झाला नाही? दुसरं, या आजारात बहुतेक कुत्र्यांचा शेवट इंजेक्शनने होतो आणि त्याचा दिवस माणूस ठरवतो. रोज पाच वेळा व्यायाम करून घेणारा मालक तो दिवस पुढेच ढकलणार. मग २५५ हे मज्जारज्जूचं मोजमाप आहे की मालकाच्या जिवाचं? तिसरं, गट ९, ६ आणि ७ चे आहेत. एक-दोन कुत्र्यांनी सरासरी हलते.

पेपर लिहिणाऱ्यांनी काही लपवलेलं नाही. ‘संशयित’ हा शब्द त्यांनी थेट शीर्षकातच घातलाय. व्यायाम करू नका, असंही या प्रश्नांतून निघत नाही. त्याने स्नायू टिकतात, कुत्र्याचा दिवस बरा जातो, आणि आजही तो सुचवला जातो. फक्त त्या तीन आकड्यांचा जिना करून त्यावर स्वतःला उभं करायचं नसतं.

भिंतीवरची साधनं

मेमध्ये मी घरी गेले आणि तीन महिने राहिले. तोवर घर बदललं होतं. शहाबादीवर घसरू नये म्हणून दारापासून अंगणापर्यंत आजीच्या जुन्या गोधड्या आणि रबरी मॅट टाकल्या होत्या. बाबा त्याच्या पोटाखालून पंचा घालून मागचा भाग उचलून धरायचे, आणि तो पुढच्या दोन पायांवर फाटकापर्यंत जायचा. पंजे सोलू नयेत म्हणून माझे जुने मोजे. पावसाळ्यात तो उठेनासा झाला. मग दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, नाहीतर कोपराला जखमा होतात. लघवी होत नसेल तर पोट दाबून करवायची, ते डॉक्टरांनी दाखवलं होतं. आजी गरम पाण्यात फडकं पिळून त्याचं अंग पुसायची आणि त्याच्याशी बोलत बसायची.

स्वयंपाकघरात कालनिर्णय टांगलेलं असतं. आमच्याकडे त्यावर दुधाचा हिशोब असतो. बाबांनी त्याच चौकोनांत दुधाच्या खाली बारीक अक्षरात ब्रुनोचं लिहायला सुरुवात केली होती. ‘४ वेळा.’ ‘२, पाऊस.’ ‘फाटकापर्यंत.’ ‘उठला नाही.’ चौदा महिन्यांची ती पानं माझ्याकडे आहेत. एकदा मी ती तक्त्यात उतरवायला बसले आणि लगेच अडले. रिकामा चौकोन म्हणजे शून्य, की लिहायचं राहिलं? बाबांना विचारलं. ते म्हणाले, “ज्या दिवशी जास्त केलं त्या दिवशी दमून झोपलो, ते राहिलं असेल.” म्हणजे रिकाम्या जागेचा अर्थ मी धरला होता त्याच्या उलटा. तुमच्या साधनांतही रिकामे रकाने असतील. भरण्याआधी, शक्य असेल तर, लिहिणाऱ्याला विचारा. तो हयात नसेल तर निदान शून्य धरू नका.

ब्रुनो डिसेंबरच्या शेवटी गेला. पुढचे पायही जायला लागले होते आणि श्वास भारी झाला होता. डॉक्टर घरी आले. इंजेक्शननंतर थोड्या वेळाने त्यांनी अंगणात मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, शवविच्छेदनाला द्यायचं का? मज्जारज्जू पाहिला तर नक्की कळेल, पुढे कुणाच्या कामी येईल.

या आजाराबद्दल वर मी जे काही सांगितलं, त्यातलं बरंचसं अशाच ‘हो’वर उभं आहे. घरोघरच्या लोकांनी रडत रडत ‘हो’ म्हटलं, म्हणून मायक्रोस्कोपखाली काहीतरी आलं, म्हणून आजारी कोण आणि निरोगी कोण हे खात्रीने म्हणता आलं. हे मला त्या क्षणी माहीत होतं. मी आत गेले. आजी त्याच्या डोक्यावर हात ठेवून बसली होती. चिकूच्या झाडाखाली बाबांनी खड्डा खणून ठेवला होता. मी बाहेर येऊन ‘नको’ म्हटलं.

त्यामुळे ब्रुनोच्या फाइलवर आजही ‘असावी’च लिहिलंय. बर्नच्या पेपरमधल्या ‘संशयित’ शब्दावर मी नाक मुरडलं होतं. तो शब्द कसा तयार होतो, हे त्या अंगणात कळलं. एखाद्या साधनात तुम्हाला पोकळी दिसली, तर ती कुणाच्या निष्काळजीपणामुळेच राहिली असेल असं लगेच धरू नका. तिथे कुणीतरी विचारपूर्वक ‘नको’ म्हटलेलं असू शकतं. ते ‘नको’ चूक होतं की बरोबर, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. तुम्ही काय केलं असतं?

पुढच्या लेखात परत बुळकांडीकडे वळू. त्यातल्या एका तक्त्यात रिकाम्या रकान्यांची एक आख्खी ओळ आहे. ती मी आता वेगळी वाचतेय.